अर्ध्यावर थांबलेली हेरकथा : सोळा इंची तबकड्यांच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

इथे न्यू जर्सीत आमच्या पलीकडच्या घरातल्या आजींनी अखेर ते तबकड्यांचं खोकं दिलं. दोन वर्षं "तळघरात आहे, एकदा काढते" म्हणत होत्या. त्यांचे यजमान तरुणपणी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान रेडिओ केंद्रावर नोकरीला होते. केंद्रानं अडगळ काढली तेव्हा टाकून द्यायच्या ढिगातून त्यांनी या तबकड्या घरी आणल्या, आणि त्यानंतर त्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवणार कशावर? एकेक तबकडी सोळा इंची. नेहमीची गाण्यांची तबकडी, म्हणजे एलपी, बारा इंची असते. ही हातात घेतली की परात धरल्यासारखं वाटतं.

एकूण चौदा. त्यांतल्या आठ विनाइलच्या, छापील लेबलच्या आणि सगळ्या एकाच मालिकेच्या : 'आय वॉज अ कम्युनिस्ट फॉर द एफबीआय'. चार लॅकरच्या, म्हणजे केंद्रावरच सुईनं कापलेल्या. लेबलवर पेन्सिलीची पुसट अक्षरं. उरलेल्या दोन नुसत्या ऑर्गनच्या संगीताच्या.

आजींची अट एकच : जे वाजेल ते त्यांना ऐकवायचं.

मिरजेला मामाला फोन केला. चाळीस वर्षं त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. म्हणाला, "अगं, घाई करू नकोस. आधी वही घे. काय केलं, कधी केलं, सगळं लिहीत जा. पुढे कुठे चुकलं ते वहीच सांगते." म्हणून या नोंदी. उद्या संक्रांत, तिळाचे लाडू अजून व्हायचेत. तबकड्या आज जेवणघराच्या टेबलावर उभ्या करून ठेवल्यात. आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, वाकतात.

२० जानेवारी, शनिवार

लॅकरच्या तबकड्या आतून अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. त्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप, आणि चरी कापल्या जातात त्या लेपात. लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल घालत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या लहानपणची एरंडेलाची बाटली आठवली. वर्षानुवर्षांनी तेच तेल बिघडून पृष्ठभागावर येतं आणि पांढऱ्या भुकटीसारखं साठतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बुरशी वाटते. असतं ते स्निग्धाम्ल. चारपैकी तीन तबकड्यांवर ही पांढरी साय होती.

ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणद्रव आणि अमोनियाचे काही थेंब, एवढंच वापरलं. अल्कोहोलचं नाव काढायचं नाही, लेपच विरघळतो. मऊ ब्रशनं चरीच्या दिशेनं, गोल गोल. दुसऱ्या पाण्यानंतर खालचा काळा रंग चमकायला लागला.

चौथ्या तबकडीला पाणी लावलंच नाही. तिच्या कडेचा लेप सुटलाय. तीन बोटं रुंदीच्या पट्ट्यात पापुद्रे उभे राहिलेत आणि खाली पत्रा दिसतो. आतला भाग मात्र शाबूत आहे. ती वेगळी ठेवली.

युद्धकाळात अ‍ॅल्युमिनियम विमानांना लागायचं, म्हणून काही वर्षं काचेवर लेप देऊन तबकड्या केल्या गेल्या. त्या काळचा आवाज हातातून निसटला की थेट फरशीवर चुरा. आपल्या चारही पत्र्याच्या आहेत, एवढं नशीब.

२७ जानेवारी, शनिवार

मोठं टर्नटेबल गाडीत घालून आणलं. जुनं रेडिओ केंद्राचंच आहे, लांब हाताचं. पहिली विनाइल तबकडी लावली आणि मन खट्टू झालं. आवाज येत होता, पण पाण्याखालून आल्यासारखा, आणि त्यावर सतत वाळू सांडल्यासारखी खरखर.

मामाला फोनवरूनच ऐकवलं. दहा सेकंदांत म्हणाला, "सुई कुठली लावलीस?"

"एलपीचीच आहे रे मामा."

"मग ती चरीच्या तळात लोळत्येय. जुनी चर रुंद असते. सुई भिंतींना टेकायला पाहिजे, तळाला नाही. तळात फक्त घाण असते."

बरोबर होतं. एलपीच्या सुईचं टोक इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतं. या तबकड्यांना त्याच्या अडीच ते तीन पट जाड टोक लागतं. जाड सुई लावल्यावर वाळू एकदम खाली बसली आणि खोलीत माणूस बोलायला लागला. मालिकेचा नायक झालेला अभिनेता डॅना अँड्र्यूज. घोगरा, थकलेला, आवाज न चढवता बोलणारा.

मामा मिरजेत रात्री साडेअकराला जागा राहून ते ऐकत होता. त्याला इंग्रजी बेताचंच कळतं. म्हणाला, "हा माणूस घाबरलाय, पण दाखवत नाहीये." मालिका नेमकी तीच आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

मालिकेची माहिती इथे एकदाच लिहून ठेवते. सिनसिनाटीच्या फ्रेडरिक झिव्ह यांच्या कंपनीनं ही मालिका १९५२ मध्ये काढली. भाग ७८, प्रत्येक अर्ध्या तासाचा. ती कुठल्याही नेटवर्कवर ठरावीक वेळी लागत नसे. कंपनी आधी ध्वनिमुद्रण करी, तबकड्या छापी आणि गावोगावच्या केंद्रांना पाठवी. केंद्र आपल्या सोयीनं लावी. अशी सहाशेहून अधिक केंद्रं होती. आजींच्या यजमानांचं केंद्र त्यांतलं एक.

नायक मॅट स्वेटिक हा खरा माणूस. पिट्सबर्गचा. १९४०च्या दशकात तो एफबीआयचा खबऱ्या म्हणून कम्युनिस्ट पक्षात शिरला आणि १९५० मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देऊन उघड झाला. त्याच्या कहाणीवर १९५१ मध्ये चित्रपटही निघाला. नाटकात तो दोन्हीकडून सापडलेला आहे. पक्षातल्यांना संशय आला तर जीव जाणार, आणि सख्खे भाऊ त्याला देशद्रोही समजून तोंड फिरवतात. त्यांना खरं सांगता येत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी तो म्हणतो की मी एकटा चालतो.

नाटकातलं राजकारण त्या काळाच्या भीतीतून आलेलं आहे आणि एका बाजूनंच बोलतं. पक्षातला जवळजवळ प्रत्येक माणूस खुनशी, कपटी. हे मला पटत नाही, आणि ते इथे लिहून ठेवायला हवं. पण भावानं दार लावून घेतल्यावर आतल्या कडीचा आवाज येतो आणि त्यानंतर चार पावलं जिना उतरतात, तिथे जे कळतं ते कुठल्याही राजकारणाच्या पलीकडचं आहे.

आता अडचण. एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटं मावतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या नाटकाला दोन बाजू. मला वाटलं होतं, तबकडी उलटली की उत्तरार्ध. तसं नाही. उलट्या बाजूवर दुसऱ्याच भागाचा पूर्वार्ध! थोडा वेळ लेबलच चुकलं असावं असं वाटलं. मग कळलं. केंद्रात दोन टर्नटेबलं शेजारी शेजारी असत. पूर्वार्ध एकावर चालू असताना उत्तरार्ध दुसऱ्यावर तयार हवा. तबकडी उलटायला वेळ कुठला? म्हणून दोन भागांचे पूर्वार्ध एका तबकडीवर आणि त्यांचे उत्तरार्ध दुसऱ्या तबकडीवर छापत.

आजींच्या खोक्यात आठ तबकड्या, आणि जोड्या लागतात फक्त दोन. उरलेल्या चारांतल्या तीन पूर्वार्धाच्या, एक उत्तरार्धाची. म्हणजे सहा भागांत माणूस मारला जातो किंवा मारला जाणार असतो आणि संगीत चढून बाजू संपते. दोन भागांत कोण मेलं ते माहीत नसताना खुनी पकडला जातो. या मालिकेची ध्वनिमुद्रणं संग्राहकांकडे आहेत, शोधली तर शेवट मिळतील. पण हे खोकं आहे तसंच नोंदवायचं ठरवलंय. अर्धं ते अर्धं.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज काहीच दुरुस्त केलं नाही. नुसतं ऐकलं, डोळे मिटून, हेडफोन लावून, एकच बाजू पाच वेळा.

आपल्याकडे नभोनाट्य ऐकत मोठे झालेल्यांना हे सांगायला नको की रेडिओवर खोली बांधावी लागते. पण ती कशानं बांधतात ते इतक्या जवळून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या काळचे स्टुडिओतले रिबन मायक्रोफोन पुढून आणि मागून ऐकत. दोन्ही बाजूंना ते बहिरे. म्हणून नटाला दूर जायचं असेल तर चालत जावं लागत नसे, तो बोलता बोलता मायक्रोफोनच्या बहिऱ्या बाजूला सरके. एका वाक्याच्या आत माणूस खोलीबाहेर जातो. टेलिफोनवरचा आवाज असेल तर खालचे आणि वरचे स्वर गाळून फक्त मधला पट्टा ठेवतात. कान लगेच मान्य करतो की हा तारेतून येतोय.

पावलं खरी असतात. ध्वनिपरिणामवाला बूट घालून लाकडी फळीवर, खडीच्या पेटीत किंवा दोन पायऱ्यांच्या जिन्यावर चालतो. जळणाऱ्या लाकडांसाठी सेलोफेनचा कागद चुरगळतात. पिठीची थैली दाबली की बर्फात पाय पडतो. बंदुकीची गंमत उलटी आहे. खरं रिकामं काडतूस उडवलं तर मायक्रोफोन दबून जातो आणि नुसता फट्ट ऐकू येतो, म्हणून चामड्याच्या उशीवर छडी मारत. तीच गोळी खरी वाटे.

तिसऱ्या पूर्वार्धात एक जागा आहे. स्वेटिक एका माणसाला भेटायला चाळीसारख्या इमारतीत वर जातो. दार उघडंच. आत कुणी बोलत नाही. सात सेकंद फक्त नळ ठिबकतो. मग तो नाव घेऊन हाक मारतो आणि आपल्याला कळतं की उत्तर येणार नाही. प्रेत कुणी पाहिलेलं नाही, कुणी सांगितलेलंही नाही. नळाच्या ठिबकण्यातून ते पडलेलं दिसतं. उद्यापासून सफाई.

१७ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर बर्फ पडलं, सकाळी फावडं मारूनच दोन तास गेले. मग कामाला बसले.

कच्ची फाइल आधीच ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घेऊन ठेवलीय. तिला हात लावायचा नाही. तिच्या प्रतीवर खरखर काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. नेहमीची रीत : जिथे फक्त खरखर आहे असा दोन सेकंदांचा तुकडा त्याला दाखवायचा, मग ते सगळ्या नाटकातून तसला आवाज वजा करतं. नंतर टिकटिक काढणारं वेगळं. बारा मिनिटांनी फाइल आली तेव्हा आवाज इतका स्वच्छ होता की मी खूश झाले. संवाद काचेसारखे.

मग ती चाळीतली जागा आली. दार उघडलं. सात सेकंद शांतता. स्वेटिकनं हाक मारली.

नळ नव्हता.

सॉफ्टवेअरला थेंबाचा 'टप' आणि तबकडीवरच्या ओरखड्याचा 'टिक' यांत फरक दिसला नाही. दोन्ही क्षणभराचे, दोन्ही तीक्ष्ण. त्यानं थेंब ओरखडा समजून भरून टाकले. तसंच सेलोफेनचा कागद म्हणजे त्याच्या लेखी खरखर, आणि खडीतली पावलं म्हणजे मळ. नाटकातला पुरावा आणि तबकडीची घाण एकाच जातीच्या आवाजांत राहतात.

मी परत मागे जाऊन सगळं ऐकलं. जिन्यावरची पावलं बोथट झाली होती, टाचेचा आवाज गेला होता. आधी ऐकताना कळत होतं की उतरणारा माणूस जड आहे, आता कुणीही उतरत होतं. हेरकथेत हे चालत नाही. इथे डोळ्यांनी काही दिसत नाही, सगळी साक्ष कानाची. जड पावलाचा माणूस कोण, दार किती वेळ उघडं होतं, फोन ठेवताना हात कापला का, हे लेखकानं संवादात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते ध्वनिपरिणामवाल्यावर सोपवलंय. त्याचं नावही शेवटी बहुधा वाचत नाहीत.

फाइल पुसली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर संध्याकाळी जेवणानंतर हाताने काम. आवाजाचं चित्र पडद्यावर मोठं करायचं, वेळ आडवा, स्वर उभे. ओरखड्याची टिक खालपासून वरपर्यंत एकसारखी उभी रेघ असते, सुईसारखी सरळ. थेंबाची रेघ वर धारदार असते पण तिला खाली छोटी शेपटी असते, कारण थेंब कशावर तरी पडतो आणि ते भांडं, बादली, जे काही स्टुडिओत ठेवलं असेल ते, क्षणभर घुमतं. शेपटी दिसली की हात मागे. सात सेकंदांत थेंब पाच निघाले आणि ओरखडे अकरा. ओरखडे एकेक करून काढले. याला पावणेदोन तास लागले.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, खरखर काढा. मी म्हणायचो, काढतो, पण सगळी काढली तर स्टेशन पण जाईल." त्या तोलाची गोष्ट तो हातानं बटण फिरवत करायचा. मी आकड्यांत लिहून ठेवते : सपाट खरखर फक्त सहा डेसिबलनं खाली, त्याहून जास्त नाही. सुई टेकल्यापासून थोडी खसखस ऐकू येत राहील. राहू दे.

२ मार्च, शनिवार

लॅकरच्या पहिल्या तबकडीवर काय निघालं! 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सॅम स्पेड', एका खासगी गुप्तहेराची मालिका. केंद्रावर नेटवर्ककडून येणारं प्रसारण चालू असतानाच कुणीतरी कापून घेतलेलं. आवाज मळका, पण स्पेड झालेला हॉवर्ड डफ ओळखू येतो आणि त्याची सेक्रेटरी इफी पेरीन झालेली ल्युरीन टटलही. प्रत्येक भागाचं सूत्र तेच : स्पेड सेक्रेटरीला फोन करतो, कचेरीत येतो आणि झालेल्या खुनाचा अहवाल तिला सांगून लिहवून घेतो, परवाना क्रमांक १३७५९६ सकट. मधेमधे वाइल्डरूट केशतेलाची जाहिरात.

डफचा स्पेड स्वेटिकच्या अगदी उलट. तो मजेत आहे. प्रेतापाशीही त्याला चिमटा काढावासा वाटतो, आणि इफी त्यावर कधी रुसते, कधी हसू दाबते. विल्यम स्पिअरचं दिग्दर्शन इतकं चपळ आहे की जाहिरात कधी सुरू झाली ते कळायला दोन वाक्यं जातात.

मी पुन्हा पुन्हा ऐकली ती मात्र सुरुवातीची उद्घोषणा. गुप्तहेराच्या आधी दोन नावं घेतात : स्पेड हे पात्र निर्माण करणारा लेखक डॅशिएल हॅमेट आणि दिग्दर्शक स्पिअर. लेखकाचं नाव इतक्या दिमाखात, कथा सुरू होण्याच्या आधी. मला ते फार आवडलं.

९ मार्च, शनिवार

हॅमेटचं नाव पुढे त्या उद्घोषणेतून गळालं. कार्यक्रम चालू, पात्र त्याचं, नाव नाही. कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय.

२२ जून १९५० ला 'रेड चॅनल्स' ही पुस्तिका निघाली. रेडिओ आणि टीव्हीच्या धंद्यातल्या १५१ माणसांची नावं तिच्यात होती. हॅमेटचं होतं आणि हॉवर्ड डफचंही. कोर्ट नाही, खटला नाही, नुसती यादी. सप्टेंबरनंतर डफ सॅम स्पेड म्हणून परत आला नाही. नोव्हेंबरमध्ये स्टीव्ह डन त्या जागी आला, आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये मालिकाच संपली. त्याच वर्षी जुलैत हॅमेट तुरुंगात गेला. सिव्हिल राइट्स काँग्रेस या संघटनेच्या जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावं त्यानं कोर्टात सांगितली नाहीत, म्हणून न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिने. दोन्ही महायुद्धांत सैन्यात राहिलेला माणूस. दुसऱ्या वेळी तर वयाच्या पन्नाशीत अलूशियन बेटांवर. तरुणपणी तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत हेर होता. नावं काढून घेणं हा त्याचा एके काळचा पेशा होता, आणि नावं न देण्याबद्दल तो आत गेला.

हा लेखक तुरुंगातून सुटला, आणि काही महिन्यांत स्वेटिकची मालिका सुरू झाली. एका खोक्यात दोघंही शेजारी शेजारी उभे होते.

मला या तबकडीवरची ती उद्घोषणा आता सगळ्यात जपून ठेवावीशी वाटते. तिच्यावर नेमका एक खोल ओरखडा गेलाय, हॅमेटच्या आडनावावर. कमी केला, पण भरून काढला नाही. नाव मूळ आवाजातच राहायला हवं, शेजारच्या आवाजातून उसना तुकडा घेऊन शिवलेलं नको.

१६ मार्च, शनिवार

वेग. हे काम थोडक्यात. लॅकर कापताना केंद्राचं यंत्र जरा जलद चाललं असावं, कारण आता सगळे आवाज किंचित जड येत होते. वीजप्रवाहाची घूं मापून वेग लावला. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची. चित्रात दोन रेघा दिसतात : एक बरोबर ६० वर, ती माझ्या घरच्या विजेची, दुसरी ५८.९ वर, ती तबकडीत मुरलेली. दुसरी ६० वर आणायची, की माणसं आपापल्या आवाजात येतात. डफ एकदम दहा वर्षांनी तरुण झाला.

मामा म्हणाला, "आपल्याकडे पन्नासची घूं. तुमच्याकडची मला नेहमी चढी वाटते." फोनवरून!

बाकी दोन लॅकरवर चर्चमधली प्रार्थना आणि शाळेचं बास्केटबॉल. दोन्ही नीट उतरवून ठेवली.

३० मार्च, शनिवार

पापुद्रे सुटलेली चौथी तबकडी. अशा तबकड्यांना सुई न लावता चरींची छायाचित्रं घेऊन आवाज काढण्याची पद्धत बर्कलीच्या प्रयोगशाळेत विकसित झालीय, आयरीन नावाची. मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हरला ती सेवा मिळते. पण आतला शाबूत पट्टा सुईनं वाजण्यासारखा होता. कडेच्या भागाला धक्का लागणार नाही अशा बेतानं हात आतच टेकवला.

स्वेटिकची मालिका! पण छापील तबकडी नाही. केंद्रावरून प्रसारण चालू असताना कापलेली प्रत. पूर्वार्धाचा शेवट, मधली जाहिरात आणि उत्तरार्धाची दीड मिनिटं, मग बाजू संपली.

झिव्हच्या तबकड्यांवर जाहिरातीसाठी मोकळी जागा असते. तिथे नुसतं संगीत वाजत राहतं, स्थानिक उद्घोषकानं त्यावर बोलायचं. माझ्या आठ तबकड्यांवर ती जागा रिकामीच ऐकली होती. इथे ती भरलेली होती. एक तरुण माणूस घर तापवायच्या कोळशाबद्दल मनापासून बोलत होता. मला वाटलं, हेच आजींचे यजमान. आजींना अजून सांगितलं नाही. आधी नीट स्वच्छ करते.

५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी १०.२३ ला भूकंप. इथे न्यू जर्सीतच केंद्र, ४.८ तीव्रतेचा. मी कामाच्या मीटिंगमध्ये होते, पहिला विचार तबकड्यांचा आला. धावत गेले. उभ्या फळीत त्या एकमेकींवर टकटक आपटत होत्या. सगळ्या शाबूत. चौथीचा एक पापुद्रा खाली पडला होता. चिमट्यानं उचलून, पाकिटात घालून, तबकडीवरची त्याची जागा कागदावर काढून ठेवली.

७ एप्रिल, रविवार

आजी दुपारी आल्या. मी पुरणपोळी केली होती, पाडव्याची दोन दिवस आधी. त्यांनी ती तूप लावून खाल्ली आणि मग खुर्ची स्पीकरजवळ ओढून घेतली.

आधी नळाची जागा ऐकवली. त्या दचकल्या. मग सॅम स्पेड. मग कोळशाची जाहिरात लावली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

त्या म्हणाल्या, "हे ते नाहीत."

मला काय बोलावं सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या की ते कधी हवेवर बोललेच नाहीत. बोलणारा मुलगा वेगळा होता, पुढे विमा विकायला गेला. यजमान काचेच्या अलीकडे बसत. दोन टर्नटेबलांमध्ये. दुसऱ्या तबकडीवर सुई ठेवून, तबकडी उजव्या हाताच्या बोटांनी धरून ठेवत. खाली लोकरीची चकती फिरत राही. बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द संपता संपता बोटं उचलायची. आधी उचलली तर संगीत शब्दावर चढतं, उशीर झाला तर हवेत भोक पडतं. "चांगलं झालं तर कुणाला कळत नाही," आजी म्हणाल्या. घरी जेवताना सुद्धा ते ताट तसंच बोटांनी धरायचे.

मी फाइल उघडली आणि ती जागा मोठी केली. जाहिरातीचं शेवटचं वाक्य. त्याच्या शेवटच्या शब्दाच्या आत, संगीताच्या अर्धा सेकंद आधी, चित्राच्या तळाशी एक राखाडी पट्टा सुरू होतो. दुसऱ्या तबकडीच्या कोऱ्या चरीतून सुई चालल्याची खसखस. मग शब्द संपतो आणि त्याच क्षणी संगीत. स्वर कुठेही घसरत नाही. बोटं एकदम सुटलीत.

गेल्या आठवड्यात मी हाच पट्टा खरखर म्हणून काढायच्या यादीत लिहिला होता. आजींच्या समोर यादीतून खोडला.

"तेवढंच परत लाव," त्या म्हणाल्या. अर्धा सेकंद. मी आवाज वाढवून सहा वेळा लावला. सहाव्या वेळी त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, बोटं पसरलेली, आणि बरोबर शब्द संपताना वर घेतली.

फाइलचं नाव बदललं. आधी 'लॅकर ४, जाहिरात' होतं. आता त्यात त्यांच्या यजमानांचं नाव आणि पुढे 'तबकडी सोडताना' असं लिहिलंय. कच्ची आणि साफ केलेली, अशा सगळ्या फाइली दोन ड्राइव्हवर उतरवल्या. एक आजींकडे दिली.